कार्बनची तिसरी प्रत

सोमवारी दुपारी साहेबांनी मसुदा दिला.
'तारीख कोरी ठेवा,' म्हणाले.
चांदपाशा इनामदार, रिंगफ्रेम खाते, तिकीट नंबर चारशे सोळा,
यांना कामावरून कमी करण्यात येत आहे.
चौकशी गुरुवारी होती.

मी टाइप केलं. का नाही करणार?
उदगीरच्या या सूतगिरणीत मराठी मशीन एकच
आणि ते चालवणारी मी एकटी.
त्याचा अर्धा न झिजलाय.
न्याय मारलं की याय उमटतं,
मग निळ्या पेनानं न भरायचा, प्रत्येक प्रतीवर, हातानं.
मसुद्यात तो शब्द एकदाच होता:
नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वानुसार पूर्ण संधी देण्यात आली.
दोन प्रतींवर भरला. तिसरीवर राहून गेला.

गुरुवार. कॅन्टीनमागची खोली.
वकील लातूरहून आलेले, पाचची गाडी धरायची होती त्यांना.
रात्रपाळीत दोन वाजून दहा मिनिटांनी झोपलेला आढळला.
'झोपला होतास?'
'डोळे मिटले होते, साहेब. लाइट नव्हती.'
'हो की नाही तेवढं सांग.'
'लाइटच नव्हती. मशीन बंद.
अंधारात डोळे उघडे ठेवून काय बघू?'
'घ्या बाई, आरोप मान्य.'

माझी बोटं थांबली.
टकटक थांबल्यावर पंखा ऐकू आला सगळ्यांना.
मी मारलं: लाइट नव्हती.
वकिलांनी वाकून पाहिलं. पुढच्या प्रश्नाला गेले.

त्यानं जनरेटर रूमचं लॉगबुक मागितलं. गरज नाही.
सुपरवायझर भालक्यांना एक प्रश्न विचारू द्या म्हणाला. वेळ नाही.
सोबतीला युनियनचा माणूस?
'काहून? मराठी येतं ना तुला?'
चार वीसला संपलं.
सतरा वर्षं तुटलेला धागा चिमटीत जोडणाऱ्या त्या बोटांनी
त्यानं प्रत्येक पानावर सही केली, सावकाश,
इनामदारमधली एकही मात्रा न गाळता.
उठताना मला म्हणाला,
'बाई, एवढं लिहिता, हात दुखत नाही का हो?'

शुक्रवारी आदेशावर तारीख घातली.
मधे मंगळवारी मी रिबन बदलली होती.
आदेश राखाडी, तारीख काळीभोर.
कुणाच्या लक्षात आलं नाही. तसं कुणी बघतही नाही.
तिसऱ्या प्रतीवर तर तारखेची जागा कोरीच होती.

मी काही शूर नाही.
दोन महिने ती प्रत ड्रॉवरमध्ये, भाकरीच्या फडक्याखाली होती.
रोज एक वाजता फडकं सोडायचे, रोज दिसायची.
ज्याची चौकशी त्याला प्रत द्यायची, असा नियम आहे,
तो नियमसुद्धा मीच टाइप केलेला, सूचनाफलकासाठी.
चांदपाशा तीनदा आला. वॉचमननं तीनदा परत पाठवला.
चौथ्यांदा मीच गेटवर गेले.
चौकशीची पानं दिली, लॉगबुकातला उतारा दिला
(एक चाळीस ते तीन पाच, वीज बंद)
आणि ती प्रत.
त्यानं घडी करून टोपीत ठेवली. आभार वगैरे काही मानले नाहीत.
बरं वाटलं. त्याचंच होतं ते.

लातूरच्या कोर्टात तारखा पडताहेत. निकाल लागेल तेव्हा लागेल.

काल साहेबांनी नवा मसुदा दिला.
श्रीमती गिरिजा चिल्लरगे, टंकलेखिका,
कार्यालयीन कागद बाहेर दिल्याबद्दल
सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा.
अन्यथाच्या पुढं दोन ओळी होत्या.
मी रोलर फिरवला, कार्बन लावले.
दुसरं कोण टाइप करणार?
'तारीख आजचीच घालू ना, साहेब?'
ते खिडकीबाहेर बघत होते. 'घाला.'

अन्यथातला न भरला, तिन्ही प्रतींवर.
मग 'मिळाली' लिहून सही केली
आणि सहीखाली वेळ टाकली:
दुपारी सव्वातीन.
लाइट होती.